नक्षीचा अर्थ सांगणाऱ्यांनो, जरा थांबा

चैत्र लागला की 'चैत्रांगणातल्या चिन्हांचे गूढ अर्थ' नावाचे फॉरवर्ड सुरू होतात. गोपद्मं म्हणजे हे, कासव म्हणजे ते. कोष्टकच! माझं म्हणणं, चिन्ह काय आहे यापेक्षा ते कोण, कुठे आणि कशासाठी काढतंय हे आधी बघावं.

स्वस्तिकच घ्या. पंचवटीत नव्या गाडीवर कुंकवानं काढलं की शुभचिन्ह. जैनांच्या देरासरात, म्हणजे मंदिरात, पाटावर तांदळानं काढलं की त्याच्या चार बाजू म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नारकी या जन्माच्या चार गती. वरचे तीन ठिपके दर्शन, ज्ञान, चारित्र्य. त्यावर सिद्धशिलेची, म्हणजे मुक्त जीवांच्या स्थानाची, चंद्रकोर. अमेरिकेतले नवाहो विणकरही ते घोंगड्यांत विणत. १९४० साली नवाहो, होपी, अपाची आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी, नाझींनी ते बाटवलं म्हणून, आपल्या विणकामातून आणि टोपल्यांतून काढून टाकायचं जाहीर केलं. त्यांचंही चिन्ह जुनंच होतं. त्यामुळे 'आमचं तर सिंधू संस्कृतीपासून आहे' एवढं ऐकवून एखाद्या ज्यू माणसाच्या अंगावरचा काटा जाईल, असं मला वाटत नाही. आपण ते दारावर काढावंच, पण त्याचा काटाही खरा आहे.

आता घराजवळचं. आपल्या पेठ-सुरगाण्याकडेही वारली वस्ती आहे. लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे चौकोनी चौकटीतलं चित्र, काढतात, मधोमध लग्नाची पालघट देवी. तोच चौक मी नाशकातल्या एका हॉटेलात हात धुवायच्या बेसिनवर पाहिला. तारपा नाच काढा, झाडं काढा, माझी हरकत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, ते उत्तमच झालं. पण देवीचा चौक बेसिनवर? काढण्याआधी एखाद्या वारली बाईला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि जिथे खोल अर्थ नसेल तिथे तो चिकटवूही नका. येवल्याच्या पैठणीवर मुनिया (पोपट) म्हणजे प्रेम, आसावली (फुलांची वेल) म्हणजे वंशवेल, असली कार्डं लावतात हल्ली. अहो, पोपट काठावर छान दिसतो, तेवढं कारण पुरे की! मला अर्थ नको, पदर उलटा करून दाखवा. हातमागावर तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या रिळांनी, विणलेला असेल तर दोन्हीकडून नक्षी सारखीच दिसेल. मागे सुटे धागे लोंबत असतील तर किंमत निम्म्यावर आणा.