चिकटतंय का बघा

आमच्या घरी नॉनस्टिक तव्याला मरण एकाच वाटेनं येतं. भांडी घासणाऱ्या मावशींना काळं दिसलं की ते करपलेलं वाटतं आणि करपलेलं निघालंच पाहिजे, हा त्यांचा बाणा. तारेची घासणी घेऊन बसल्या की खालचं ॲल्युमिनियम लख्ख दिसेपर्यंत उठायचं नाव नाही. वर हाक मारून दाखवतात, "बघा वहिनी, निघालं की नाही सगळं!" वहिनी तव्याकडं बघतात, मग माझ्याकडं. मावशींना बोलायची दोघांचीही छाती नाही. तवा कुठंही मिळतो, मावशी मिळत नाहीत.

तसंही त्या तव्याचं आमच्यात जमणारं नव्हतंच. त्याच्यावरचा थर साधारण २६० अंशांच्या पुढं बिघडायला लागतो, म्हणून मध्यम आच ठेवा, लाकडी उलथनं वापरा, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ज्वारीची भाकरी अशा लाडीगोडीनं होत नाही. तवा कडक तापलेला लागतो आणि पाण्याचा हात फिरवून भाकरी उलटली की चर्र झालं पाहिजे. आई आधी तव्यावर पाण्याचे शिंतोडे मारते आणि ते नाचले नाहीत तर "तवा हाय का पाटी?" असं विचारते.

शेवटी घरात ठराव झाला : आता एकदाच घ्यायचं, पण टिकाऊ घ्यायचं. एक तवा आणि एक मोठं भगुनं. ठराव होताच सल्ले सुरू झाले. पुण्याहून लेकीचा फोन, "बाबा, बुडाला चुंबक चिकटतंय का बघून घ्या, नाहीतर इंडक्शनवर चालणार नाही." अर्ध्या तासात मेहुण्याचा फोन, "दाजी, चुंबक चिकटलं की समजा फसवलं. अस्सल स्टीलला चुंबक धरत नसतं." दोघांनाही नाही म्हणवेना. मी फ्रीजच्या दारावरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक काढून खिशात टाकलं. चिकटलं तर लेक खूश, नाही चिकटलं तर मेहुणा. आपण निमित्तमात्र.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली बांधताना इतके रस्ते कशाला ठेवले असतील, हे बायको आणि आई यांना सोबत घेऊन भांडी घ्यायला गेल्याशिवाय कळत नाही. पळायला एखादा तरी मोकळा सापडावा. मला सापडला नाही.

"या सर, बसा. काय घ्यायलाव?" दुकानदार म्हणाला. मी कधी कुठं शिकवलेलं नाही, पण लातुरात चष्मा असला की माणूस सर होतो. आईला स्टूल मिळालं. आई बसल्याबसल्या म्हणाली, "पितळंचं दाखव."

"आजी, पितळ हाय की. पण कल्हई कोण करणार?" दुकानदार म्हणाला. प्रश्न बिनतोड होता. भट्टी, भाता, नवसागर घेऊन दारात बसणारा कल्हईवाला आमच्या गल्लीत येईनासा झाला, त्याला जमाना लोटला. आणि कल्हई म्हणजे कथलाचा पातळ हात. कथील २३२ अंशांना वितळतं. भगुनं चुलीवर रिकामं राहून तापलं आणि तेवढ्यात शेजारीण आली, की बोलणं संपेपर्यंत कल्हई गोळा. तिच्याशिवाय पितळेत आंबट ठेवलं तर कळकणार. आमच्याकडं वेळ अमावास्येच्या सणाला डाळी-भाज्यांच्या भज्जीत चिंच पडते, आंबिलीत ताक. आंबील तेवढी मातीच्या बिंदग्यात जाते, पण भज्जीला मोठं भगुनंच लागतं. आईला हे सगळं माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी तिनं पितळेचा एक गंज मांडीवर घेऊन बोटाच्या पेरानं वाजवला आणि आवाज विरेपर्यंत कोणालाच बोलू दिलं नाही.

मग स्टील. मी चुंबक काढलं. पहिल्या भगुन्याला धरलं, चिकटलं नाही. मेहुणा जिंकला असं वाटेपर्यंत दुकानदारानं डोळे मिटले आणि त्याच्यातला क्लासवाला जागा झाला. "सर, कन्सेप्ट क्लिअर करून घ्या. हे २०२ ग्रेडचं स्टील. ह्याला बी चुंबक धरत नाही आणि ३०४ ला बी धरत नाही. ३०४ मंजी अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. निकेल महाग. म्हणून २०२ मधी निकेल कमी करून मँगनीज घालतेत. चुंबकाला काय कळतंय त्यातलं?" पुढचा प्रश्न परीक्षेत हमखास येणार अशा सुरात तो बोलत होता. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच असावा. मेहुण्याची थिअरी निकालात निघाली.

मग त्यानं ट्रायप्लाय काढलं. आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेरून चुंबक धरणारं स्टील. स्टील उष्णता फार कंजूषपणे पुढं पोचवतं, म्हणून पातळ स्टीलच्या भगुन्यात ज्योतीच्या गोलाएवढं वरण बरोबर गोलच करपतं. मधलं ॲल्युमिनियम ती ऊब बुडाभर वाटून देतं. मी चुंबक लावलं : आतून धड धरेना, बाहेरून सोडेना. लेक आणि मेहुणा एकाच भगुन्यात नांदू शकतात हे बघून मला भरून आलं.

बायकोचं याच्याकडं लक्षच नव्हतं. तिनं भगुनं उचललं, बुडावर अंगठा दाबला, उपडं करून उजेडाकडं धरलं आणि कडीचे रिव्हेट आत जिथं बाहेर येतात तिथं नख फिरवलं. "इथं पिठलं बसणार," ती म्हणाली. निकेल, क्रोमियम, इंडक्शन सगळं गप्प झालं. दुकानदारानं मुकाट्यानं दुसरं काढलं, कड्या बाहेरून जोडलेलं.

"किती मावतंय?" आई म्हणाली. हा प्रश्न आमच्याकडं विनोदाचा नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घरातलं प्रत्येक भांडं आधी पाण्याचं होतं, मग स्वयंपाकाचं. कुकरसुद्धा भरून ठेवलेला असे. तेव्हापासून आई भगुनं पाण्याच्या मापानंच बघते. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात तापवून ठेवलं की कोणत्याही धातूला चार दिवसांत पांढरं अस्तर लागतं. ३०४ असो की २०२, लिंबू चोळावंच लागतं. तेवढ्यापुरती समता आहे.

तव्याला वेळ लागला नाही. दुकानदारानं आधी बिडाचा पुढं केला. आईनं एका हातानं उचलायला घेतला, दोन्ही हातांनी परत ठेवला. "हे टिकंल रे, उचलणारी टिकली पाहिजे." पडला तर बीड फुटतंही, हे ऐकल्यावर तर तिनं त्याच्याकडं पाठच केली. मग साधा लोखंडी. तेलाचा पातळ हात द्यायचा, तापवायचा, पुन्हा तेल, पुन्हा ताप, की तेलाचाच कडक काळा थर धरतो. मला त्याची एकच गोष्ट पटली. मावशी तो खरवडणार यात शंका नाही, पण खरवडला तरी पुन्हा धरता येतो. ज्या तव्याला कात टाकता येते त्यालाच आमच्या घरी भविष्य आहे.

जुने नॉनस्टिक तवे मोडीत दिले. खालचं ॲल्युमिनियम इतकं स्वच्छ बघून दुकानदारानं विचारलं, "घासलं कुणी हो हे?" आणि मावशींचा नंबर मागितला. बायकोनं दिला नाही.

भगुन्यावर नाव टाकायला पोरगं मशीन घेऊन आलं. "काय टाकू?" आई म्हणाली, ह्याच्या वडलांचं. मी म्हणालो, लेकीचं, तिनंच चुंबक सांगितलं. बायको म्हणाली, "नाव नको, आजची तारीख टाक. मोठ्या अक्षरात."

"तारीख कशाला गं?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी म्हणशाल ना, 'परवाच तर घेतलं होतं', तेव्हा दाखवायला."