भाऊ, आधी त्या सुया बघा

भाऊ, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. नागपुरात पाइन जगत नाही असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो, तुमच्या कॉलनीत 40 फुटी पाइनची रांगच आहे आणि नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, ती हिरवीगार असते, असं तुम्ही म्हणता. पहिले तुमचं बरोबर ते मान्य करतो. ‘जगतच नाही’ असं सरसकट लिहायला नको होतं. चीड पाइन हिमालयात साधारण 500 मीटरपासूनच सुरू होतो, ऊन त्याला नवीन नाही. ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण तुमची ती रांग मला सुरूच्या झाडांची (कॅज्युरिना) वाटते. लोंबणारी एक सुई घ्या अन् दोन्हीकडून हळूच ओढा, पेरावर सुटून आली की समजा सुरू, कारण ती सुई म्हणजे पान नाहीच, हिरवी काडी आहे, खरी पानं म्हणजे पेरापेरावर दिसणारे ते बारीक दात. कोकणात समुद्राकाठी बनं असतात तेच झाड. पाइनच्या सुया झुपक्यानं येतात, झुपक्याच्या बुडाशी कागदासारखं पातळ वेष्टन असतं. चीडच्या झुपक्यात 3 सुया, वीतभर लांब. हिमालयात आणखी उंचावर कैल नावाचा पाइन असतो, त्याच्यात 5. आणि फांद्या मजल्यामजल्यानं आडव्या निघत असतील तर तो अरोकेरिया, नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो. तोही पाइन नाही.

आता लावण्याचं. माझी चीडची दोन रोपं गेली, ती उन्हानं नाही. एक पहिल्याच पावसाळ्यात, काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि मुळं सडली. दुसरं पिवळं पडत पडत वर्षभरानं गेलं, आपल्या मातीत चुनखडी आणि पाइनला हवी थोडी आम्लधर्मी माती, हे तर आहेच, पण मला त्याहून मोठं कारण मुळांवरची बुरशी वाटते. ती जमिनीतला फॉस्फरस ओढून झाडाला देते आणि झाडाकडून साखर घेते, आणि जिथे पाइन कधी नव्हतेच तिथल्या मातीत ती नसते. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पाइन लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते, मग पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली तेव्हा रोपं धरली. हे वाचलं आणि माझ्या त्या रोपांची फार हळहळ वाटली, पसाभर माती घालायची राहून गेली होती.

म्हणून लावायचाच असेल तर मुरूम टाकून दोनेक फूट उंचवटा करा, पाणी थांबायला नको, रोपाच्या पिशवीतली माती झटकू नका आणि जमलं तर जुन्या पाइनखालची ओंजळभर माती खड्ड्यात घाला. पूर्ण ऊन हवं. आणि लाइटच्या तारांपासून, घरापासून लांब, हे झाड 30 मीटरच्या वर जातं.

उद्या सकाळी ती सुई ओढून बघा अन् काय झालं ते इथेच टाका. झुपका निघाला तर ती माती कुठली, रोपं कुठून आणली, सगळं मला तुमच्याकडून शिकायचंय.