राइस पेपर फाटतो तो कशामुळे?

नमस्कार ताई,

मुलांच्या व्हिएतनामी रोल पार्टीच्या लेखावर (राइस पेपर म्हणजे तांदळाचं पातळ, सुकं पान भिजवून मुलांनीच त्यात शेवया-भाज्या गुंडाळायच्या) तुमचे तीन आक्षेप आहेत: पान हातातच फाटतं, शेवटी सगळं आईच्याच गळ्यात पडतं, आणि या परदेशी थाटापेक्षा भेळ बरी.

पान फाटतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. परातीत कोमट पाणी घ्या, पान ५-६ सेकंद बुडवा आणि लगेच बाहेर काढा. तेव्हा ते कडकच लागतं, मुलांना वाटतं अजून भिजायला हवं, आणि तिथेच घोटाळा होतो. ओल्या फडक्याने पुसलेल्या प्लास्टिकच्या बोर्डवर ठेवलं की अर्ध्या-एक मिनिटात ते आपसूक मऊ पडतं. पाणी कढत असेल तर मात्र पान लगेच लिबलिबीत होतं, कडा एकमेकींना चिकटतात आणि सोडवायला गेलं की फाटतात. कोरड्या ताटात ठेवलं तर खालून चिकटतं.

दुसरा गुन्हेगार गाजर! त्याची टोकं पानाला भोकं पाडतात. म्हणून आधी लेट्यूसचं पान, त्यावर बाकीचं सारण. २२ सेंमीच्या पानाला दोन चमचे शेवया आणि काकडी, गाजर, पनीर यांचे चार-पाच तुकडे पुरतात. सारण मधोमध न ठेवता आपल्याकडच्या कडेपासून तीन बोटं आत ठेवायचं. जवळची कड त्यावर घट्ट ओढायची, मग दोन्ही बाजू आत, मग गुंडाळी. हात सैल सोडणारी मुलं असतातच, आणि ठासून भरणारीही. म्हणून एका रोलपुरतं सारण प्रत्येकाला वाटीत द्या.

आईच्या कामाचं म्हणाल तर ते आहेच, पण पार्टीच्या आधी. आठ मुलांना प्रत्येकी दोन रोल आणि फाटणारी चार जास्तीची धरून २० पानं, १५० ग्रॅम सुक्या तांदळाच्या शेवया, दोन काकड्या, दोन गाजरं, २५० ग्रॅम पनीर, एक लेट्यूस, पुदिना, कोथिंबीर. बारीक शेवयांवर उकळतं पाणी ओतून ४-५ मिनिटं झाकायचं, गार पाण्याने धुऊन निथळायचं आणि कात्रीने कापायचं. लांब राहिल्या तर पहिल्या घासालाच सगळा रोल ओढून निघतो. काकडीच्या बिया काढायच्या, नाहीतर आतून पाणी सुटतं.

आता भेळ. भेळ उत्तमच, पण त्यात चिरणं आणि चटण्या वाटणं मोठ्यांकडे असतं, मुलांच्या वाट्याला नुसतं कालवणं. इथे सुरी नाही, गॅस नाही, आणि रोल पहिल्या घडीपासून त्यांचाच. यात थाटही नाही. व्हिएतनाममध्ये पानं, पाला आणि मांस मध्ये मांडून ज्याने त्याने आपला रोल वळून खाणं ही जेवणाची नेहमीची रीत आहे. तिथल्या गोई कुओनमध्ये, म्हणजे अशाच न तळलेल्या रोलमध्ये, कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. पनीर हा आपला बदल. आणि पान? तांदळाचं पीठ कापडावर वाफवून बांबूच्या चटईवर वाळवायचं ही त्याची जुनी पद्धत, म्हणजे आपल्या फेण्यांच्या जवळचीच. कोरडं पान उजेडात धरलं तर बऱ्याचदा चटईची वीण उमटलेली दिसते. भिजवण्याआधी ती मुलांना शोधायला सांगा.

रोल बुडवून खायच्या शेंगदाण्याच्या सॉसबद्दल पालकांना आदल्या दिवशीच विचारा. कुणाला दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर तो सॉस टेबलावर आणूच नका. सगळ्यांनाच लिंबू, साखर, मीठ, पाणी एकत्र करून द्या. झालेले रोल एकमेकांना लागू न देता ओल्या फडक्याखाली ठेवा आणि तासाभरात संपवा. फ्रिजमध्ये पान कडक होतं.