विणकामाच्या सुया स्वतः करा, कानस दुसऱ्याच्या हातात देऊ नका

मोजे विणणाऱ्या प्रत्येकीने आपल्या सुया एकदा तरी स्वतःच्या हाताने कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचतात हा त्यातला सगळ्यात लहान मुद्दा. लोकरीच्या दुकानात ८, ९, १० नंबरच्या टोपीवाल्या सुया हव्या तेवढ्या मिळतात, पण १४ नंबरच्या दुतोंडी, म्हणजे दोन्हीकडे टोक असलेल्या, सुयांचा संच मागितला की दुकानदार नकारार्थी मान हलवतो. मिळाल्याच तर नको तितक्या लांब. बाळाच्या मोज्याला वीतभरही सुई लागत नाही; जास्तीची लांबी बाहीत अडकत राहते.

आणि हा १४ नंबर सायकलच्या दुकानात पडून असतो! आपले सुयांचे नंबर जुने इंग्लिश आहेत, तारेच्या गेजवरून, म्हणजे जाडीच्या मापावरून, आलेले. तार एकापेक्षा एक लहान छिद्रांतून ओढत बारीक करायची. जितक्या वेळा ओढली तितका नंबर वाढायचा. म्हणून सुई बारीक, तर नंबर मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ साली हे गेज कायद्याने पक्कं झालं, त्यात १४ नंबर म्हणजे २.०३ मिमी. सायकलचा साधा स्पोक असतो २ मिमी.

स्पोक स्टेनलेस स्टीलचाच मागा. मुलामा दिलेला स्वस्त पडतो, पण टोक घासताना मुलामा निघतो आणि नेमकं टोकच गंजतं. आट्यांचं टोक आणि वाकडं डोकं करवतीने कापून टाका, मग आपल्या हाताला बसेल ती लांबी ठेवा. मी १५ सेंटिमीटर ठेवते. काचेवर घरंगळवून पाहिलं की वाकलेली सुई लगेच कळते.

खरं काम टोकाचं. सुई ड्रिल मशीनच्या चकमध्ये, म्हणजे पातं पकडणाऱ्या फिरत्या तोंडात, धरायची, चष्मा लावायचा, हातमोजे मात्र घालायचे नाहीत, कारण फिरत्या चकमध्ये ते गुंडाळले जातात. मशीन हळू फिरवत बारीक कानस तिरकी टेकवायची. ६ ते ८ मिमीचा उतार पुरतो. टोक फार अणकुचीदार झालं तर लोकरीचा पदर चिरतं आणि सुई मागे ढकलणाऱ्या बोटालाही टोचतं. बोथट राहिलं तर दोन टाके एकत्र घेताना आत शिरत नाही. मग पॉलिश पेपर, २२० नंबरच्या खरखरीत पेपरपासून १००० नंबरच्या मऊ पेपरपर्यंत चढत्या क्रमाने. यात घाई करायची नाही. शेवटी जुनी नायलॉनची ओढणी सुईच्या टोकावरून ओढून बघा. धागा जरा जरी अडकला, तरी पुन्हा पेपर.

याला ‘जुगाड’ म्हटलेलं मला अजिबात आवडत नाही. जुगाड म्हणजे तात्पुरती वेळ मारून नेणं. ही सुई दुकानातल्या सुईपेक्षा सरस असते, कारण तिची लांबी आणि टोक आपल्या विणीला धरून केलेलं असतं. घट्ट विणणारीला निमुळतं टोक हवं, सैल विणणारीला जरा गोलसर. हे दुसरं कोण ठरवणार? आणि ‘घासून द्यायला मिस्टरांना सांगा’ हा सल्लाही नको. जो हात तासन्‌तास एकसारखी वीण घालतो, त्याला कानस चालवणं जड नाही.

जाड सुया हव्या असतील तर फॅब्रिकेशनवाल्याकडे वेल्डिंगची स्टेनलेस फिलर सळई मिळते. ३.२ मिमीची सळई म्हणजे जवळपास आपला १० नंबर. ती मीटरभर असते, एका सळईत मोज्यांचा पाच सुयांचा संच बसतो. तांबूस दिसणारी सळई मात्र घेऊ नका. तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत साधं पोलाद. घासली की गंजते आणि पांढऱ्या लोकरीवर डाग पाडते.