दोन्ही घरचा पाहुणा होण्याची कला

उद्या आपण महासत्ता झालात आणि आपल्या वाट्याला भारत-पाकिस्तानसारखे दोन भांडणारे शेजारी आले, तर मुळीच गांगरून जाऊ नये. अमेरिकेने सत्तर वर्षे खपून कित्ता घालून ठेवला आहे. आपण तो केवळ गिरवावा.

आरंभ शस्त्रे देऊन करावा, मात्र शेजाऱ्याला पत्र धाडण्यास विसरू नये. १९५४ साली आयझेनहॉवर यांनी नेहरूंना लिहिलेच होते की, पाकिस्तानला दिलेल्या मदतीचा आक्रमणासाठी दुरुपयोग झाल्यास आपण योग्य ती कारवाई करू. पुढे १९६५ च्या युद्धात पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या उसात त्याच मदतीतले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतून बसले, तेव्हा कारवाईही झाली: दोन्ही देशांची शस्त्रे बंद! चोर आणि घरमालक यांना एकाच कोठडीत घातले, की निःपक्षपातीपणाबद्दल कोणी शंका घेत नाही.

गिऱ्हाईक कसे सांभाळावे, याचा नमुना म्हणून एफ-१६ विमानांचे प्रकरण मुखोद्गत करावे. पाकिस्तान अणुबॉम्ब बाळगत नाही, असे प्रमाणपत्र अमेरिकी अध्यक्ष अफगाण युद्धाच्या काळात दरवर्षी देत असत; सोव्हिएत फौजा परतल्या आणि १९९० मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्यांची नजर अचानक सुधारली. शस्त्रविक्री थांबली; पाकिस्तानने पैसे भरलेली विमाने अमेरिकेतच अॅरिझोनाच्या वाळवंटात उन्हे खात राहिली आणि ती ठेवण्याचे भाडेही गिऱ्हाइकाच्याच नावावर पडले. अखेर १९९८ साली तडजोड झाली, ती काही रोख आणि काही गहू देऊन. (लढाऊ विमानाच्या बदल्यात गहू घेणारा ग्राहक पुन्हा दुकानात येतो, हे विशेष, आणि तो आलाच.) पुढे त्यांतील काही विमाने अमेरिकी नौदलाच्या सरावात शत्रूची भूमिका वठवू लागली, म्हणजे शत्रूचीही सोय घरातच झाली.

मैत्रीच्या घोषणेपूर्वी दुसऱ्या घरी चहा घ्यावा, पण घोषणेचा विषय काढू नये. मार्च २००४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल दिल्लीत हसतमुखाने भेटले आणि दोन दिवसांनी इस्लामाबादेत त्यांनी पाकिस्तानला नाटोबाहेरचा प्रमुख मित्र करण्याचे जाहीर केले.

शस्त्रसंधीची बातमी मात्र लढणाऱ्यांच्या आधी आपणच फोडावी. १० मे २०२५ रोजी ट्रम्प यांनी ते समाजमाध्यमावर करून दाखवले. मध्यस्थी झालीच नाही, असे दिल्लीने सांगून सांगून घसा कोरडा केला तरी आपण श्रेय मोजतच राहावे. त्यानंतर एकाच्या फील्ड मार्शलला व्हाइट हाउसमध्ये जेवू घालावे, दुसऱ्याच्या मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लादावे आणि दोघांनाही थोर मित्र म्हणावे. यांपैकी जेवलेला मित्र नोबेलसाठी आपले नाव सुचवतो.