प्रिंटर छापेना म्हणणाऱ्या काकांना

काका, तुमच्या प्रतिक्रियेला नुसतं "धन्यवाद" लिहून पुढे जाणं मला जमेना. बाकी वाचकांसाठी आधी सांगतो. विंडोज १० ची नेहमीची अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात घालू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका, असं मी लिहिलं होतं. काकांनी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या आपल्या दुकानातल्या लॅपटॉपवर ते टाकलं. वायफाय दिसेना, प्रिंटर छापेना, आधारसाठी अंगठा घेणारं यंत्र चालेना. दोन दिवस गिऱ्हाइकं परत गेली. "तुमची हौस आमच्या पोटावर का?" असं त्यांनी विचारलंय.

प्रश्न रास्त आहे. "अर्ध्या तासात काम होतं" हे माझं वाक्य माझ्या लॅपटॉपपुरतं खरं होतं. तुमच्या टेबलावर त्याला काय काय जोडलेलं असेल, याचा विचार मी केलाच नव्हता. चूक माझी. मूळ लेखात सगळ्यात वर तशी दुरुस्ती टाकली आहे.

पण "लिनक्सला साधा प्रिंटरही ओळखता येत नाही" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही, कारण अडचण ओळखण्याची नाहीच. दुकानादुकानांत दिसणारे बरेच स्वस्त लेझर प्रिंटर पान स्वतः रचत नाहीत. ते काम संगणकातला कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, करतो आणि तयार ठिपके कंपनीच्या खासगी बोलीत प्रिंटरकडे धाडतो. एचपीच्या लेझरजेट १०२० मध्ये तर बटण बंद केलं की फर्मवेअरही, म्हणजे प्रिंटरच्या आतला प्रोग्रामही, उरत नाही, दर वेळी संगणकाने ते नव्याने भरायचं. कंपनीने ही बोली उघड केली नाही, तर बाहेरच्या माणसाला केबलमधून काय जातंय ते बघून बघून ती उलगडावी लागते. काही प्रिंटरांसाठी लोकांनी हे केलंय, पदरचा वेळ घालून. काहींसाठी अजून झालेलं नाही.

घरी मी हे पाहिलंय. बाबांच्या प्रिंटरला मिंटने नावानिशी ओळखलं, हिरवा दिवा लुकलुकला, रोलरने कागद ओढला आणि कोरं पान बाहेर आलं. पुन्हा केलं, पुन्हा कोरं. सातबारा छापायचा होता. शेवटी पेनड्राइव्ह खिशात घालून बाबा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. म्हणून तुमच्या दुकानात ते दोन दिवस कसे गेले असतील, हे मला कळतं.

अंगठ्याच्या यंत्राचं तर सरळच सांगतो. आधारला चालणारी नोंदणीकृत सेवा, म्हणजे अंगठ्याचा ठसा आधारकडे सुरक्षित पोचवणारा प्रोग्राम, बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच देतात. तिथे तुम्ही-मी डोकं आपटून उपयोग नाही. दुकानाच्या लॅपटॉपवर विंडोज परत घ्या आणि विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा अद्यतनं ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवा. लिनक्सचा मी कितीही पुरस्कार करत असलो, तरी या कामासाठी तुम्हाला दुसरा सल्ला देणार नाही.

वायफाय मात्र बहुतेक वेळा सुटतं. लॅपटॉपमधली वायफायची चिप इंटेलची असली तर सहसा काहीच करावं लागत नाही. ब्रॉडकॉमच्या काही चिपांचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. रिअलटेकच्या ८८२१सीई या चिपेचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) २०२० साली, ५.९ आवृत्तीत आला, म्हणजे त्याहून जुना गाभा असलेल्या मिंटवर ती आपोआप चालणार नाही. आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला ड्रायव्हर हवा, हा तुमचा संताप अगदी खरा. त्यावर तोडगा फोनचा: अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणारं यूएसबी टेदरिंग चालू करा, मग मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

मुलीचा जुना लॅपटॉप घरी पडून आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यावर अजून काहीही इन्स्टॉल करू नका. मिंटच्या पेनड्राइव्हवरून नुसता सुरू करा, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय जोडून बघा, आवाज, कॅमेरा बघा, झाकण मिटून उघडा, परत जागा होतो का ते बघा. घरी प्रिंटर असेल तर एक पान खरोखर छापून बघा. नंतर सिस्टिम रिपोर्ट्समध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि नेटवर्कखालच्या ओळींचा फोटो मला पाठवा. चिपेचं नाव कळलं की कोणता ड्रायव्हर लागेल, किंवा नादाला लागूच नये, हे स्पष्ट सांगतो.