तलावपाळीवर हात फिरवल्याने दुरात्मा शिरत नाही

वाशी-नेरुळपासून ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. गोषवारा असा: ताय-ची आणि चीगाँग (चीनमधले सावकाश हालचालींचे व्यायाम), योग आणि रेकी (हातांनी 'ऊर्जा' देण्याची जपानी पद्धत) ही एकाच झाडाची फळे, त्यातली 'ची' म्हणजे दुष्ट शक्ती, प्रत्येक आसन कुठल्या तरी दैवताला घातलेला नमस्कार, मन रिकामे केले की दुरात्मा आत येतो आणि तळहात गरम होणे हा त्याचा पुरावा, व्हॅटिकनने या सगळ्यावर बंदी घातली आहे. खाली नेहमीचे 'दहा ख्रिस्ती कुटुंबांना पाठवा'. हे वाचून एखाद्या आजीने बागेतला व्यायाम सोडला तर नुकसान तिच्या गुडघ्यांचे. आणि जिथे खरोखर सावध राहायचे, तो शब्द या यादीत चौथा येऊन हरवला आहे.

'ताय-चीतली ची म्हणजे शक्ती.' नाही. ताय-चीचा मूळ उच्चार 'ताय-जी'च्या जवळचा. त्यातल्या 'जी'चा अर्थ टोक, परमावधी. चीगाँगमधला 'ची' हा वेगळा शब्द. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत दोघांत एका अॅपॉस्ट्रॉफीचा फरक होता. तो गळाला आणि दोन्ही 'ची' झाले. चीगाँगमधल्या 'ची'चा मूळ अर्थ वाफ, हवा, श्वास. चिनी भाषेत हवामानाला 'तिएन-ची' म्हणतात, त्यातही तोच शब्द. हवा, श्वास आणि आत्मा एकाच शब्दात सांगण्यात चिनी लोक एकटे नाहीत: बायबलमधला हिब्रू 'रुआह' आणि ग्रीक 'प्न्यूमा' तसेच आहेत. चिनी परंपरेत या 'ची'वर मोठे तत्त्वज्ञान उभे आहे हे खरे, पण बागेत शिकवतात तो 24 हालचालींचा क्रम 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने बसवला. देव न मानणाऱ्या सरकारने लोकांच्या तब्येतीसाठी केलेली ती पाच-सहा मिनिटांची कवायत आहे.

'प्रत्येक आसन म्हणजे नमस्कार.' पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत 15 आसने आहेत. त्यांची नावे गोमुख, कूर्म, कुक्कुट, मयूर, धनुष्य अशी. कोंबड्याला कोणी दंडवत घालत नाही. मात्र त्याच ग्रंथाची सुरुवात आदिनाथाला, म्हणजे शिवाला वंदन करून होते, हेही लपवायचे कारण नाही. सूर्यनमस्कार तर नावापासूनच नमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तो व्यायाम म्हणून गावोगाव नेला, तरी 'ॐ मित्राय नमः' म्हणत घातला तर ती सूर्याला केलेली वंदनाच, आणि ख्रिस्ती माणसाने ती करू नये. मंत्र काढला की उरते ते पाठीचा कणा पुढे-मागे वाकवणे.

'मन रिकामे केले की दुरात्मा घुसतो.' यासाठी मत्तय 12 मधल्या झाडलेल्या रिकाम्या घराचा दाखला देतात. तिथे गोष्ट आहे ती एकदा निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येण्याची, व्यायामाची नव्हे. शिवाय ताय-चीत मन रिकामे ठेवायला सवड कुठे असते? एक पाऊल बघा. सगळे वजन उजव्या पायावर. डावा पाय पुढे, दोन पावलांत आडवे अंतर खांद्याइतके, आधी फक्त टाच टेकवायची. मग चवडा. मग वजन हळूहळू पुढे, साधारण 70 टक्के. पुढचा गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. दिशा बदलताना वजन आधी मागच्या पायावर, मग पुढचा मोकळा पाय टाचेवर वळवायचा. नवशिके हमखास चुकतात ते इथेच: वजन असलेलाच पाय वळवतात. खाली पेव्हर ब्लॉक आणि पायात पकड घेणारे बूट. पाऊल जागेवरच राहते आणि पीळ गुडघ्याच्या गादीत जातो. आठवडाभरात गुडघा आतल्या बाजूने दुखू लागतो. दोष दुरात्म्याचा नसून क्रमाचा आहे.

'तळहात गरम, बोटांना मुंग्या, अंगाला कंप: हा पुरावा.' संदेशात लोकांना सगळ्यात खरे वाटते ते हे, कारण अनुभव खरा असतो. गंमत म्हणजे याच अनुभवाला काही शिक्षक 'ऊर्जा जागी झाली' म्हणतात. दोघेही एकाच घाईत चुकतात. शरीर सैलावले की हातांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे गरम होतात. लक्ष तिथेच असल्याने ते जास्त जाणवते. कपालभाती किंवा भस्त्रिका दामटली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. अशा वेळी थांबावे, बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि सोडताना जास्त वेळ लावावा. काही मिनिटांत उतरते. छातीत दुखत असेल किंवा एकाच बाजूचा हात बधिर होत असेल, तर मात्र वाट न पाहता दवाखाना.

चीगाँगमध्ये छातीसमोर मोठा चेंडू धरल्यासारखे हात ठेवून उभे राहतात. तीन-चार मिनिटांनी मांड्या थरथरतात, कारण गुडघे किंचित वाकलेले असतात आणि स्नायू थकतो. थरथर नको म्हणून गुडघे ताठ केले तर रक्त पायांत साचते आणि ऑक्टोबरच्या उन्हात, रिकाम्या पोटी, माणूस धाडकन खाली बसतो.

'व्हॅटिकनची बंदी.' व्हॅटिकनच्या 15 ऑक्टोबर 1989 च्या पत्रावर कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांची सही आहे. विषय ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेचा. पत्रात झेन आणि योगाचे नाव घेऊन इशारे आहेत, पण ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून या पद्धती सरसकट फेकून देऊ नका, प्रार्थनेचे ख्रिस्ती स्वरूप झाकोळणार नाही अशा बेताने उपयोगी ते घ्या, असेही म्हटले आहे. त्याच पत्रात असेही लिहिले आहे की काही शारीरिक क्रियांनी आपोआप शांतता, ऊब, प्रकाशाचासुद्धा भास होतो. त्याला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही घोडचूक. म्हणजे तळहाताच्या उबेची पुरेशी वासलात व्हॅटिकननेच लावली आहे. मुंबईच्या ज्या महाधर्मप्रांतात ठाणे आणि नवी मुंबई येतात, तिथलेच फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केले आणि व्यसनमुक्तीसाठी बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग वापरला. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरी बाजूही आहे: ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स धर्मसभेने 2020 साली योग ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत ठरवला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच निवाडा देणारे पीठ नसल्याने तिथे पाळकागणिक मत बदलते. 'चर्च म्हणते' असे म्हणण्यापूर्वी कोणते, हे विचारावे.

रेकीचे प्रकरण निराळे. मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास जपानमध्ये ती सुरू केली. तिच्यात हालचाल जवळपास नाहीच. पायऱ्यापायऱ्यांनी दीक्षा, दुसऱ्या पायरीला चिन्हे, दूर बसलेल्याला 'ऊर्जा पाठवणे', आणि हे सगळे गुरूने 'जोडून' दिल्यावरच. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांच्या समितीने मार्च 2009 मध्ये कॅथलिक रुग्णालयांनी वा साधना केंद्रांनी रेकीला प्रोत्साहन देऊ नये असे सांगितले. कारणे दोन: तिला विज्ञानाचा आधार नाही, आणि ती ख्रिस्ती प्रार्थनाही नाही. तो निर्णय आपल्याला बंधनकारक नाही, तर्क मात्र पक्का आहे. इथे संदेश बरोबर बोलतो, पण चुकीच्या कारणाने.

बायबलचे म्हणाल, तर पौलाने करिंथकरांना मांसाबद्दल सांगितलेला नियम (1 करिंथ 10) इथे नेमका बसतो. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. पण 'हे मूर्तीला वाहिलेले आहे' असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण ओवीत छापले, ना. वा. टिळकांनी येशूवर अभंग रचले. ओवी-अभंगाने त्यांची श्रद्धा बाटली असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही.

वर्गाला नाव घालण्यापूर्वी शिक्षकाला विचारा: मंत्र म्हणावा लागतो का? तसबिरीपुढे नमस्कार, दीक्षा, गुरुदक्षिणा आहे का? ऊर्जा 'देणार' की हालचाल शिकवणार? मंत्राच्या वेळी गप्प राहिलेले चालेल का? उत्तर टाळले तर दुसरी बाग बघा, ठाण्यात तलावांची वाण नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा आणि जमिनीवरून उठताना आधी कुशीवर, मग बसून दहा श्वास, मग उभे राहा. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत. पहिला आठवडा रोज दहा मिनिटे, गुडघा दुखला की पाऊल लहान.